एक नंबरची बाटली

अकोल्याच्या गोदाबाई धर्मादाय दवाखान्यात बुधाजी तायडे ऑपरेशनच्या खोलीत कामाला होता. हत्यारं उकळायची, फरशी धुवायची, रक्ताची फडकी पिळायची, हे त्याचं काम. पण गावोगावी लोक त्याला ओळखत ते वेगळ्याच कारणानं. ते त्याला 'खड्याचा बुधाजी' म्हणत.

त्याचं असं होतं. अकोल्याच्या वरच्या अंगाला, पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी खारपाणपट्टा पसरलेला. तिथल्या कैक विहिरींचं पाणी परक्या माणसाला तोंडात धरवत नाही. मुतखड्याचं दुखणं तिकडं घरोघरी, आणि खडा काढण्यात या दवाखान्याच्या डॉक्टर ओमप्रकाशांचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. खडा निघाला की बुधाजीनं तो धुवायचा आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हवाली करायचा, अशी तिथली पद्धत. तो खडा लोक गावाकडे नेत. कोणी दिवळीत जपून ठेवी, कोणी पूर्णेत सोडून येई. त्याआधी तो सगळ्या गावाला दाखवावा लागे. खडा पाहिल्याशिवाय ऑपरेशन झालं यावर गाव विश्वास ठेवायला तयार नसे.

काही शेतकरी बुधाजीच्या हातून खडा घेत नसत. ते उपरणं पसरत आणि बुधाजी तो वरून टाकी. छप्पन साली नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला तरी उपरणी काही आखडली नाहीत. आता आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. हे साफ खोटं होतं.

घरी तो एकटाच. पन्नास साली तो बायकोला, जाईबाईला, घेऊन भातकुलीजवळच्या धामणखेड गावातून अकोल्याला आला. आधी कापसाच्या जिनात काम केलं. बावन्न साली जाईबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, डॉक्टरांनी खडा काढला, पण तोवर तिची मूत्रपिंडं गेली होती. आठव्या दिवशी ती गेली. मूल नव्हतं. डॉक्टर जरा फटकळ, पण मनानं चांगले. दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन दिवस नुसता बसून राहिलेल्या बुधाजीला ते म्हणाले, "अब उठो भी. काम करोगे यहाँ?" तेव्हापासून तो तिथेच. बौद्ध झाल्यावर त्यानं घरातले देव नदीत सोडले. दिवळीत एक जाईबाईची कुंकवाची डबी तेवढी राहिली, आणि तिच्यात तिचा खडा.

देवमन खंडारे त्याच्या आयुष्यात आला तो अठ्ठावन्नच्या दिवाळीत. भातकुलीकडचाच, बौद्धांचाच पोरगा, नागपूरला डॉक्टरकी शिकणारा. त्या बाजूच्या त्यांच्या माणसांतला पहिलाच. चुलत्याला ऑपरेशनसाठी घेऊन आला होता. बुधाजीनं चुलत्याचा खडा धुऊन त्याच्या हातावर ठेवला, तर हा तो उजेडात धरून पाहतच राहिला.

"मामा, असे वर्षाले किती निघतात?"

"निघतात पन्नास-साठ."

"अन् जातात कुठं?"

"ज्याचे त्याच्या घरी."

देवमन कपाळाला हात लावून मटकन खालीच बसला. मग त्यानं सांगितलं ते बुधाजीला निम्मंच कळलं. खडा फोडून तपासला की तो कशाचा बनलाय ते समजतं. कोणत्या गावचा खडा कशाचा, हे शंभर-दीडशे माणसांचं मांडलं, तर पाण्याचा आणि खड्याचा काही संबंध आहे का ते पाहता येईल. आजवर इकडे कोणी पाहिलेलंच नाही.

"मंग नागपूरचे मोठे डाक्टर काहून नाई पाहात?" बुधाजीनं विचारलं.

देवमन हसला. नागपूरला त्याला कोणी अडवत नव्हतं, खरी अडचण ती नव्हतीच. तिथं कोणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मास्तर म्हणत, आधी पास व्हा. सोबतची पोरं म्हणत, असल्या कामाला परीक्षेत गुण किती? रसायनाची खोली फक्त शनिवारी दुपारी मिळे, तीही शिपायाची मर्जी असेल तर. परदेशी मासिकं काचेच्या कपाटात बंद, आणि कपाटाची किल्ली सुटीवर. काम करणाऱ्या पोराला वेळ नाही, जागा नाही, दाखवायला माणूस नाही. आणि खडे अकोल्याला.

"खड्याचं मी पाहून घेतो," बुधाजी म्हणाला. असं आपण का म्हणालो, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

डॉक्टर ओमप्रकाशांनी मान हलवून परवानगी दिली. रिकाम्या पेनिसिलिनच्या बाटल्या दवाखान्यात ढिगानं पडायच्या, रबरी बुचासकट. चिकटपट्टीचा तुकडा डकवायचा आणि त्यावर नंबर, नाव, वय, गाव लिहायचं. बुधाजी चौथी शिकलेला. अक्षर मोठं, पण वाचता येण्यासारखं.

खरी मेहनत पुढेच होती. "आर्धा तुमचा, आर्धा आमचा," असं म्हटलं की लोक बिथरत. अर्धा खडा दवाखान्यात राहिला तर तो पोटातल्या जागेला हाक मारतो आणि दुसरा खडा धरतो, असं एका म्हातारीनं त्याला ठणकावून सांगितलं. बुधाजी अशा माणसांजवळ उकिडवा बसे आणि आपल्या बायकोचं सांगे. खारं पाणी पिऊन ती गेली, पुढच्या कोणाची जाऊ नये म्हणून हा खटाटोप. त्यावर बहुतेक लोक अर्धा खडा देत. उपरणं पसरणारेसुद्धा देत.

पहिल्या बाटलीत त्यानं जाईबाईचा अर्धा खडा घातला. नंबर एक. जाईबाई, वय तीस, धामणखेड. खडा फोडताना तो देवमनकडे पाठ करून बसला.

मग अडीच वर्षं कशी गेली ते बुधाजीला समजलं नाही. देवमन वर्षातून तीन-चारदा यायचा, नागपूरहून गावी जाता-येता बडनेऱ्याला गाडी बदलून. बाटल्या कापसात गुंडाळून डालड्याच्या डब्यात भरून न्यायचा. त्या दिवशी बुधाजी चार भाकऱ्या जास्तीच्या थापायचा, वांग्याची भाजी करायचा. एरवी तो एका माणसाचं पीठ मळायचा, आणि एका माणसाचं पीठ मळणं हे काय दुःख असतं ते ज्यानं मळलंय त्यालाच कळेल. देवमन जेवता जेवता बोलायचा आणि बुधाजी त्याला पहिल्या दिवसापासून 'डाक्टर' म्हणायचा.

"अजून झालो नाई मी डाक्टर, मामा."

"मले काय घाई हाये?"

एकसष्टच्या जानेवारीत देवमनचं पत्र आलं. एकशे सदतीस खडे झाले होते. खाऱ्या पाण्याच्या गावांतल्या खड्यांचा आकडा असा काही वर आला होता की एका मास्तरांनी चक्क खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवलं. एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या मेळाव्यात निबंध वाचायचा होता. एक वर्गमित्र मात्र म्हणाला होता, फरशी पुसणाऱ्याच्या माहितीवर कसलं आलंय संशोधन! देवमननं तेही लिहिलं होतं. बुधाजीनं पत्राचा तेवढा भाग पुन्हा वाचला नाही. बाकीचं पत्र महिनाभर खिशात होतं.

फेब्रुवारीत शिरगणती आली. रविवारी सकाळी किसनराव मास्तर वही घेऊन बुधाजीच्या दारात उभे राहिले. घसा बसलेला, पाय सुजलेले, माणूस अगदी वैतागलेला.

"कोन्या गावचे?"

"धामणखेड."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "पाहा, तुमीही तेच! अख्ख्या अकोल्यात एक माणूस अकोल्याचा निघून नाई राह्यला. गिरणीतला माणूस म्हणते दर्यापूर. हमाल म्हणते मूर्तिजापूर. बायको म्हणते माहेरचं नाव. मी काय लिवू सरकारले, की अकोल्यात कोनी राहतच नाई? जलमले कुठं ते सांगा, अन् अथी किती वर्सं झाले ते सांगा. धामणखेडचं पानी शेवटचं कधी पेले?"

"पन्नास साली," बुधाजी म्हणाला.

मास्तर गेले. बुधाजी तसाच उंबऱ्यात उभा. जाईबाई सोडली तर एकशे छत्तीस माणसांना त्यानं विचारलं होतं, "गाव कोनतं?" आणि वऱ्हाडात हा प्रश्न विचारला की माणूस जिथं त्याच्या बापाचं घर असतं ते गाव सांगतो. त्या घराला दार उरलेलं नसलं तरी तेच सांगतो. तो कुठं राहतो, कुठलं पाणी पितो, हे त्याला कोणी विचारत नाही. बुधाजीनंही विचारलं नव्हतं. एक्केचाळीस नंबरचे पंजाबराव त्याला आठवले. बाटलीवर लिहिलं होतं दर्यापूरकडचं गाव, आणि पंजाबराव तर दर खेपेला पातूरच्या मोटारीनं यायचे. पातूर दक्षिणेला, तिथं गोडं पाणी. वीस वर्षं सासऱ्याच्या वावरात राहून राहिलो, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. बुधाजीनं ऐकलंही होतं. पण ते पट्टीवर लिहायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं बोटांवर मोजलं. नुसत्या आठवणीवर अशी बावीस माणसं निघाली.

देवमन होळीला येणार होता. मधल्या दिवसांत बुधाजीनं स्वतःशी खूप भांडण केलं. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? मेळाव्यातले डॉक्टर काही पातूरला जाऊन पंजाबरावांना विचारणार नव्हते. आपल्या माणसांतला पहिला पोरगा चार मोठ्या लोकांसमोर उभा राहणार, टाळ्या पडणार. आणि सांगितलं तर? निबंध गेला, त्या वर्गमित्राचं बोलणं खरं झालं, आणि पोरगा परत कशाला येईल? बुधाजीला सगळ्यात जास्त भीती या शेवटच्या गोष्टीची वाटत होती, आणि तिची त्याला लाजही वाटत होती.

देवमन आला. हसतच आला. बुधाजीनं ताट वाढलं. जेवण झाल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं होतं, पण पहिल्याच घासाला तोंडातून निघून गेलं.

"डाक्टर, मी गाव चुकलो."

त्यानं सगळं सांगितलं. देवमनचा हात ताटातच राहिला.

"अडीच वर्सं, मामा! अडीच वर्सं! येवढंही नाई समजलं तुमाले?"

"नाई समजलं."

"बावीस म्हनता तुमी. बावीस असो का बासष्ट, आता कशाचाच भरोसा नाई." तो उठला. हात धुतला. "तो बरोबरच म्हनत होता," असं कोणाला तरी म्हटल्यासारखं म्हणाला आणि दुपारच्याच गाडीनं गेला. रिकामा डालड्याचा डबा तिथेच राहिला. भाकऱ्या बुधाजीनं दुसऱ्या दिवशी खाल्ल्या, चावत नव्हत्या तरी.

त्या वर्षी निबंध वाचला गेला नाही. उन्हाळ्यात एकाकडून कळलं की देवमन परीक्षेतही एका विषयात राहिला. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे बुधाजीला ऐकू आलं.

मग पावसाळा सरल्यावर एका रविवारी त्यानं सदरा घातला, पायताण चढवलं आणि पातूरची मोटार धरली. पंजाबरावांच्या वावरात जाऊन विचारलं, "पानी कुठलं पेता? किती वर्सांपासून?" परत येताना पोस्टात शिरून कार्ड घेतलं आणि तिथेच लिहिलं. 'नंबर ४१. पंजाबराव. गाव सांगितलं दर्यापूरकडचं. पाणी वीस वर्षं पातूरचं. विहीर गोडी. आपला बुधाजी.' आणि नागपूरच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर टाकून दिलं.

उत्तर आलं नाही. त्यानं दुसऱ्या रविवारी दुसरं कार्ड टाकलं.

असे दोन वर्षांतले रविवार गेले, आणि हक्काच्या रजाही. मोटारीनं, बैलगाडीनं, पुष्कळदा पायीच. त्याला पाहून लोक आधी घाबरत, खडा पुन्हा झाला की काय म्हणून. मग हसत. कुठं अंगणात बसवून चहा मिळे, कपबशी मात्र वळचणीला खोचलेली, वेगळी. काही माणसं मेली होती. तसं तो कार्डावर लिही. काही सापडली नाहीत, तेही लिही. उत्तर एकाचंही नाही. पोस्टमन गल्लीत आला की बुधाजी उगाच काहीतरी करायला ओट्यावर येई. दोन वर्षांत पोस्टमन त्याच्या दाराशी एकदाही थांबला नाही. असं वाट पाहणं वाईट असतं. आशा सोडावी म्हटलं तर सोडता येत नाही.

पूर्णाकाठच्या एका गावी मात्र त्याला थांबावं लागलं. त्या गावचे दोन खडे होते, त्रेसष्ट बौद्धांच्या वस्तीतला आणि चौसष्ट वरच्या गावातला. चौसष्टवाल्यांच्या घरची सत्यभामाबाई अंगणात धान्य निवडत होती. पाण्याचं विचारल्यावर ती म्हणाली, "आमची विहीर गोडी हाये बाप्पा. खारी ते खालची, तुमच्या लोकायची."

तुमच्या लोकायची. बाई सहज बोलली, तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. बुधाजी गावाबाहेर येऊन बांधावर बसला. गाव एक, पाणी दोन. हे त्याला नवीन होतं का? जन्मल्यापासून ठाऊक होतं. देवमनलाही ठाऊक असणार, तोही खालच्याच वस्तीतला. तरी दोघांनी मिळून जी पट्टी केली तिच्यावर विहिरीला जागा ठेवली नाही. नुसतं गाव लिहिलं आणि मोकळे झाले, कारण गाव सांगायला लाज वाटत नाही. शिरगणतीच्या मास्तरांमुळे कळलेली चूक सगळ्यांचीच होती, ही चूक मात्र त्या दोघांची, आणि जाणून-बुजून केलेली. बुधाजी उठला. ज्या ज्या गावाला जाऊन आला होता तिथं तो पुन्हा गेला आणि विहीर वरची की खालची ते विचारून त्याचंही कार्ड टाकत गेला.

त्रेसष्टच्या दिवाळीपर्यंत एकशे छत्तीस जणांची कार्डं गेली. मग बुधाजीचे रविवार मोकळे झाले, आणि ते त्याच्यानं काढवेनात.

चौसष्टच्या मार्चमध्ये एका दुपारी दारात देवमन उभा. अंगानं भरलेला, चष्मा लागलेला. डॉक्टर होऊन अमरावतीला नोकरीला लागला होता. हातात बँडेजच्या पट्टीनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा.

"भाकर टाकू?" बुधाजी म्हणाला.

"टाका." देवमन चुलीपाशीच बसला. "मामा, पयल्या वर्सी राग होता मले. नापास झालो तेही तुमच्यावरच ढकललं. मंग तुमचं ते विहिरीचं कार्ड आलं, अन् लाज वाटली. ते मले माहीत होतं. पयल्या दिवसापासून माहीत होतं. मास्तरनं विचारलं असतं, एका गावात दोन पानी कसे, त मले वर्गासमोर सांगा लागलं असतं. म्हनून मी ते विचारलंच नाई. चूक माही होती अन् बोललो तुमाले. मंग कोन्या तोंडानं पत्र लिवू?"

बुधाजी भाकरी थापत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. चुलीचा धूर होता ते बरं झालं.

"सगळं पुन्हा मांडून राहिलो," देवमन म्हणाला. "विहिरीपरमानं. पयल्यासारखा मोठा आकडा नाई येत आता. पन जो येते तो खरा हाये. पुढच्या मयन्यात अमरावतीले डाक्टर लोकायसमोर वाचतो. फक्त एक अडलं." त्यानं गठ्ठा सोडला. "एकशे छत्तीस मानसायची कार्डं हायेत. एक नंबरचं नाई आलं."

बुधाजीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यानं ती उलटली नाही. देवमननंच पुढं होऊन उलटली.

"लिवलं होतं," बुधाजी म्हणाला. "चार खेपा लिवलं. टाकवलं नाई."

"आता सांगा. मी लिवतो."

"धामणखेडले अठरा वर्सं पानी पेली ते. अकोल्याले दोन." तो दिवळीकडे पाहत होता. "वरची विहीर आमच्या घरापासून ऐंशी पावलं. मी मोजले हायेत. एकडाव पाटलाच्या घरी लगन होतं, तवा कोनीतरी वरून तिच्या ओंजळीत पानी ओतलं. घरी येऊन म्हने, कसं साखरेवानी लागते हो! मंग पुन्हा कधी नाई भेटलं. मी लोकायले सांगत आलो, गावच्या पान्यानं गेली. गावचं कायचं पानी? लिव. खालची विहीर."

देवमननं लिहिलं. पेनाला टोपण लावलं. भाकरी ताटात पडली होती, कोणी हात लावत नव्हतं.

"हे वाचशीन तू तिथं? मोठ्यानं?"

"वाचीन."

"मंग तिचं नाव घेजो."

देवमननं मान खाली घातली. "नावं नाई वाचत तिथं, मामा. फक्त नंबर वाचतात."

बुधाजीनं ताट त्याच्याकडे सरकवलं.

"बरं," तो म्हणाला. "नंबर वाचजो. पयला तिचाच हाये."